आळ, साक्ष आणि शिक्षा

दौंड हे जंक्शनचे गाव. सोलापूरकडे जाणारी आणि मनमाडकडे वळणारी अशा दोन वाटा येथे फुटतात. त्यामुळे रेल्वेच्या वसाहतीत नाना प्रांतांची व धर्मांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहत आली आहेत. आमच्या घराच्या एका बाजूला ख्रिस्ती कुटुंब, दुसऱ्या बाजूला मुसलमान. २००२ सालच्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या ओसरीत मंडळी बोलत उभी होती. नायजेरियातील आमिना लवाल या स्त्रीला विवाहबाह्य संबंधातून मूल झाले म्हणून दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा फर्मावल्याची बातमी तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजत होती. एका गृहस्थांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, ‘‘पाहा, त्यांचा कायदा हा असा! आपल्या प्रभूने हातातले दगड खाली टाकायला लावले. यांच्याकडे अजून उचलतात.’’ सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली.

संध्याकाळी तेच कात्रण आम्ही शेजारच्या चाचांपुढे ठेवले. चाचा म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पाच वेळा नमाज पढणारे, मितभाषी गृहस्थ. चष्मा पुसून त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘मास्तर, यात चार साक्षीदारांचं काहीच लिहिलेलं नाही. डोळ्यांनी बघणारे ते चार जण कोण होते?’’ आम्हाला उत्तर देता आले नाही, कारण मुळात प्रश्नच समजला नव्हता. पुढील वाचन व लेखन त्या प्रश्नातून घडले आहे. अरबी भाषा आम्हाला येत नाही. जे वाचले ते भाषांतरांतून व भाष्यांतून. तथापि आपल्यापैकी बहुतेक जण आपले बायबलदेखील भाषांतरातूनच वाचतात, तेव्हा या उणिवेची लाज बाळगण्याचे कारण दिसत नाही.

विवाहबाह्य शरीरसंबंधाला इस्लामी कायद्यात ‘जिना’ म्हणतात. विवाहिताचा असो वा अविवाहिताचा, शब्द एकच. कुराणाच्या सतराव्या सूरेत त्याच्या जवळपासही फिरकू नये असे बजावले आहे. परंतु शिक्षा आणि पुरावा यांचा खरा विचार आहे तो ‘नूर’ म्हणजे प्रकाश या नावाच्या चोविसाव्या सूरेत. कायदा म्हणून ही सूरा पुष्कळांनी वाचली आहे. एक रचना म्हणून वाचली तर तिच्यातील प्रमाण प्रथम डोळ्यांत भरते. दुसऱ्या वचनात अपराधी पुरुष व अपराधी स्त्री या दोघांना प्रत्येकी शंभर फटके सांगितले आहेत. दया आड येऊ देऊ नये आणि शिक्षा लोकांसमक्ष व्हावी, असेही तेथे म्हटले आहे. वचन कठोर आहे. ते मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. परंतु तिसऱ्या वचनानंतर सूरेचा रोख पालटतो. चौथ्या वचनापासून सव्विसाव्यापर्यंत जे येते त्याचा मुख्य विषय अपराधी नाहीत, त्यांच्याविषयी बोलणारे आहेत. शीलवान स्त्रीवर जो आळ घेईल आणि चार साक्षीदार आणू शकणार नाही त्याला ऐंशी फटके, शिवाय त्याची साक्ष पुढे कधीही ग्राह्य धरू नये. शंभर आणि ऐंशी! कृत्य आणि कृत्याविषयीची बडबड यांत केवळ वीस फटक्यांचे अंतर ठेवणारा दुसरा कायदा आमच्या वाचनात नाही.

या सूरेमागे एक घटना आहे व ती मुसलमान घरांतून आजही सांगितली जाते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा एका मोहिमेवरून परतताना मुक्कामाच्या जागी आपला हार शोधण्यासाठी मागे राहिल्या. त्या आतच आहेत असे समजून माणसांनी हौदा उंटावर चढवला आणि तांडा निघून गेला. मागाहून येणाऱ्या सफवान नावाच्या एका तरुणाने त्यांना पाहिले, आपल्या उंटावर बसवले आणि स्वतः उंटाची दोरी धरून चालत त्यांना मुक्कामावर पोहोचवले. एवढ्यावरून मदिनेत कुजबुज सुरू झाली. ती महिनाभर चालली. आयेशा आजारी पडल्या, माहेरी गेल्या, रडून रडून डोळे सुकले. पैगंबरांच्याही मनात किंतु आला. त्यांनी जवळच्या माणसांचे मत विचारले. अखेर त्यांचे निर्दोषत्व सांगणारी वचने प्रकट झाली आणि ती या सूरेत ग्रथित आहेत. ऐकल्या क्षणीच ‘ही उघड बदनामी आहे’ असे का म्हटले नाहीत, असा खडा सवाल त्यांत श्रद्धावंतांनाच केला आहे. आळ घेणाऱ्या तिघांना फटके मिळाले अशी परंपरा आहे. त्यांतील एक मिस्तह हा आयेशांच्या वडिलांचा गरीब नातलग. त्यांच्याच पैशावर तो जगत होता. वडिलांनी मदत थांबवण्याची शपथ घेतली, तेव्हा ती थांबवू नये, क्षमा करावी, असे त्याच सूरेत सांगितले गेले. शिक्षा आणि भाकरी यांची अशी फारकत करणे सोपे नाही.

ही कथा चाचांकडून ऐकली तेव्हा आम्हाला सुसान्ना आठवली. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील ही कथा आपल्या कॅथलिक बायबलात आहे. शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळींच्या प्रतीत ती सापडणार नाही, म्हणून शिरूरच्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या घराण्यांतील आमच्या मित्रांना ती नवी वाटते. बागेत स्नानाला आलेल्या विवाहितेला दोन वृद्ध न्यायाधीश गाठतात. ती वश होत नाही असे पाहून तिने परपुरुषाशी संग केल्याची साक्ष ते भर सभेत देतात. मृत्युदंड ठरतो. तोच तरुण दानिएल पुढे होतो, दोघांना वेगळे काढून विचारतो, ‘कोणत्या झाडाखाली?’ दोघे दोन झाडांची नावे सांगतात आणि खोटेपणा उघडा पडतो. आम्ही ही कथा चाचांना वाचून दाखवली. ‘‘म्हणजे त्या दोघांना ऐंशी-ऐंशी फटके,’’ ते समाधानाने म्हणाले. मोशेच्या नियमाप्रमाणे दोघांना ठार करण्यात आले असे सांगताच ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ‘‘मग तुमचंच पुस्तक जास्त कडक की!’’

दोन्ही कथांचा गाभा एक असला तरी त्यांतील फरक समीक्षकाने दृष्टीआड करू नये. सुसान्नेची सुटका एका चतुर तरुणामुळे होते. दानिएल त्या दिवशी तेथून गेला नसता तर ती मेली असती. आयेशांच्या कथेत चतुर तरुण नाही. तेथे नियमच असा घातला गेला की आरोप करणाऱ्यानेच आधी घाम गाळावा. सुसान्नेच्या विरुद्ध दोन साक्षीदार पुरेसे होते. येथे चार लागतात, आणि तेही कसे? शास्त्रकारांनी अट घातली की चौघांनीही प्रत्यक्ष क्रिया पाहिलेली असावी, सुरमादाणीत सलई जाताना दिसावी इतकी स्पष्ट. एका खोलीत दोघे दिसले, एका पांघरुणाखाली आढळले, एवढ्याने भागत नाही. खलिफा उमर यांच्या काळी बसऱ्याचा सुभेदार मुगीरा याच्यावर असा आरोप आला. तिघांनी साक्ष दिली. चौथा म्हणाला की पाहिले ते संशयास्पद होते, पण तेवढे पाहिले नाही. सुभेदार सुटला आणि तिघा साक्षीदारांना फटके बसले. यात बड्या माणसाला वाचवण्याचा वास कोणाला येईल, आम्हालाही तो थोडा आला. परंतु नियम पाळला गेला हे खरेच.

हनफी पंथाच्या शास्त्रात आणखी एक अट आहे. आपल्याकडे घाटावरचे, म्हणजे शिरूर-दौंडचेही, बहुसंख्य मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. दगडांची शिक्षा साक्षीवरून झाली असेल तर पहिला दगड साक्षीदारांनीच मारला पाहिजे, असे हनफी शास्त्र म्हणते. त्यांचा हात कचरला तर शिक्षाच रद्द. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. योहानच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय आपण दरवर्षी प्रायश्चित्तकाळात ऐकतो आणि प्रभूचे ते शब्द म्हणजे अगदी नवी गोष्ट होती असे समजतो. वस्तुतः अनुवादाच्या सतराव्या अध्यायातही साक्षीदारांचा हात प्रथम पडावा असेच म्हटले आहे. प्रभूने तो जुना नियम मोडला नाही. त्याने त्याचा शब्दशः वापर केला आणि साक्षीदाराच्या हाताऐवजी साक्षीदाराचे अंतःकरण तपासले. दगड त्यामुळे पडले. प्रभूची दया कायद्याच्या बाहेरून आली नाही, कायद्याच्याच कलमातून उगवली, हे आम्हाला एका हनफी नियमाने शिकवले.

(त्या प्रसंगातला पुरुष कोठे होता, हा प्रश्न आपल्या प्रवचनांतून हल्ली विचारला जातो व ते योग्यच आहे. हा उतारा अतिप्राचीन हस्तलिखितांत आढळत नाही, हेही अभ्यासक जाणतात. पापाला मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी तो आपल्या प्रतींतून काढून टाकला असावा, असा तर्क संत ऑगस्टीनने केला होता. दया ही नक्कल करणाऱ्या लेखनिकालाही जड जाते.)

येथवर आम्ही बाजू मांडली. आता दोष.

पहिला दोष दगडाचाच. कुराणात दगडांनी मारण्याची शिक्षा नाही. आहेत ते फटके. ‘रजम’ येतो तो हदीसांतून, आणि सुन्नी पंथाच्या चारही शाखांनी व शियांच्या जाफरी शाखेनेही विवाहितांसाठी तो मान्य केला. खारिजी मंडळींनी मात्र पहिल्या शतकांतच तो नाकारला. विवाहित दासीला निम्मी शिक्षा द्यावी असे चौथ्या सूरेत आहे. फटके निम्मे करता येतात, मरण निम्मे कसे करणार? हा युक्तिवाद आम्हाला बिनतोड वाटतो. ज्या हदीसांवर रजम उभा आहे त्यांतील माइज नावाच्या माणसाची कथा तर शिक्षेच्या बाजूने बोलतच नाही. तो येऊन पाप कबूल करतो. पैगंबर तोंड फिरवतात. तो पुन्हा समोर येतो, असे चार वेळा. तू वेडा आहेस काय, केवळ चुंबन घेतले असशील, अशा पळवाटाही त्याच्यापुढे ठेवल्या जातात. दगड बसू लागल्यावर तो पळतो, लोक त्याला गाठून मारतात, आणि पैगंबर विचारतात की पळत होता तर सोडला का नाही. त्याला कबुलीसाठी पाठवणाऱ्यालाही सुनावले जाते की तू आपल्या वस्त्राचे पांघरूण त्याच्यावर घातले असतेस तर अधिक बरे झाले असते. मराठीतील ‘पांघरूण घालणे’ आपण निंदेने वापरतो, तेथे ते पुण्य आहे. या कथांतून शास्त्रकारांनी नियम काढले ते असे: कबुली मागे घेतली की शिक्षा टळते, थोडाही संशय असला की शिक्षा टळते. इतके सारे दरवाजे उघडे ठेवणाऱ्या कायद्याने ती शिक्षाच का ठेवली, हा आमचा प्रश्न आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर आम्हाला मिळालेले नाही. भीतीसाठी ठेवली, वापरासाठी नव्हे, असे सांगितले जाते. परंतु खुंटीला टांगलेली तलवार कधीतरी कोणाच्या तरी हाती लागतेच.

ती लागली. पाकिस्तानात १९७९ साली जनरल झिया यांनी हुदूद वटहुकूम काढले. त्यांतील जिनाविषयक वटहुकुमाने परस्परसंमतीचा संबंध आणि बलात्कार यांना एकाच चौकटीत कोंबले, आणि चार साक्षीदारांची जुनी अट कमाल शिक्षेपुरती राखून, साध्या पुराव्यावर तुरुंग व फटके देण्याची सोय केली. जी अट स्त्रीला आळापासून वाचवण्यासाठी होती तीच तिच्या उरावर बसली. सफिया बीबी या जवळजवळ अंध असलेल्या मुलीने बलात्काराची तक्रार केली. पुरुष पुराव्याअभावी सुटला, आणि तिचे गर्भारपण हाच तिच्या अपराधाचा पुरावा ठरून तिला तीन वर्षे तुरुंग व पंधरा फटके सुनावण्यात आले. देशात व देशाबाहेर ओरड झाल्यावर १९८३ साली वरच्या शरियत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. बलात्काराचा गुन्हा पुन्हा सामान्य दंडविधानात नेण्यास २००६ साल उजाडावे लागले. गर्भ हा पुरावा मानणे हे मालिकी शाखेचे मत. हनफी शास्त्र ते मानीत नाही. पाकिस्तान तर हनफी देश! म्हणजे जुन्या शास्त्रातली कठोर शिक्षा घ्यायची आणि तिला बांधून ठेवणारे दोर मात्र कापायचे, असा हा व्यवहार झाला. आमिना लवाल ही मालिकी प्रदेशातली. तेथे तिच्या मुलाने तिला गुंतवले. २००३ च्या सप्टेंबरात अपील न्यायालयाने तिला सोडले, ते कबुलीतील व कामकाजातील उणिवा दाखवूनच. गर्भ कित्येक वर्षे पोटात ‘झोपून’ राहू शकतो हे मालिकी मतही तिच्या वकिलांनी पुढे केले होते. वैद्यकाच्या दृष्टीने ते हास्यास्पद आहे. पण ज्या कोणा जुन्या पंडिताने ते प्रथम मांडले त्याने किती विधवांचे प्राण वाचवले असतील, याचा विचार केल्यावर हसू येत नाही.

दुसरा दोष आम्हाला याहून मोठा वाटतो, कारण तो आपल्या गल्लीतला आहे. या कायद्याने दासीला मालकापासून संरक्षण दिले नाही. मालकाचा तिच्याशी संबंध हा जिना गणला गेला नाही. ती दासप्रथा आज उरलेली नाही. परंतु तलाक उरला. स्त्रीला फटके मारायचे तर चार साक्षीदार हवेत, आणि तिला घराबाहेर काढायचे तर एकही नको! पासष्टाव्या सूरेत घटस्फोटाच्या वेळी दोन साक्षीदार ठेवण्यास सांगितले आहे. शियांनी ती अट बंधनकारक धरली. सुन्नी शास्त्रकारांनी ती केवळ शिफारस मानली. आळासाठी इतके जागरूक असलेले शास्त्र येथे असे सैल का पडावे? चारित्र्याविषयी शब्दही न काढता, केवळ तीनदा एक शब्द उच्चारून, नवरा बायकोला गल्लीच्या नजरेत संशयित करून ठेवी. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले, ते याच दुखण्यावर बोट ठेवून. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ साली तलाक सिद्ध करण्याचा भार पतीवर टाकला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तोंडी तिहेरी तलाक अवैध ठरवला, आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. दलवाई ते पाहण्यास नव्हते; १९७७ सालीच ते गेले.

जिनाची शिक्षा भारतात कोणत्याही मुसलमानाला लागू नाही. इंग्रजांनी आधी मुसलमानी फौजदारी कायदा छाटला आणि १८६० च्या दंडसंहितेने तो संपवला. १९३७ च्या शरियत कायद्याखाली उरले ते विवाह, वारसा यांसारखे खाजगी विषय. मात्र सूरा नूरमधला एक धागा आपल्या दिवाणी न्यायालयांत अजून जिवंत आहे. पतीनेच पत्नीवर आळ घेतला व साक्षीदार नसले तर काय? त्याने चार वेळा शपथ घ्यावी आणि पाचव्यांदा, खोटे असेल तर स्वतःवर देवाचा शाप मागावा. तिने तशाच चार शपथा घेऊन पाचव्यांदा, तो खरा असेल तर स्वतःवर देवाचा कोप मागावा. म्हणजे तिची शिक्षा टळली. याला ‘लिआन’ म्हणतात. गणना ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात संशयी पतीच्या समाधानासाठी पत्नीला शापाचे कडू पाणी पाजण्याचा विधी आहे. तेथे पतीला काहीच प्यावे लागत नाही. लिआनमध्ये दोघांच्या शपथा समान वजनाच्या आहेत आणि शेवटचा शब्द स्त्रीचा आहे. आपल्या न्यायालयांनी या तत्त्वावरून असे धरले की पतीने व्यभिचाराचा खोटा आरोप केला तर मुसलमान पत्नीला विवाह रद्द करून मागता येतो. अलाहाबादच्या न्यायालयाने १९१९ साली ते मान्य केले, आणि १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्यानंतरही तो आधार टिकून राहिला. आळ घेतला म्हणून नवऱ्याला सोडता येते, ही सोय त्या काळी आपल्या ख्रिस्ती भगिनींना होती काय?

नव्हती. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरत असे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. शिवाय पत्नीच्या जारकर्म्याकडून पतीला पैशात नुकसानभरपाई मागता येई, जणू कोणी उभ्या पिकात गुरे घातली होती. ख्रिस्तसभा घटस्फोट मानीत नाही म्हणून आपण या कलमांकडे पाहिलेच नाही. ती आपल्या नावावर सव्वाशेहून अधिक वर्षे चालत राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली हा भेद घटनाविरोधी ठरवला आणि संसदेने २००१ साली कायदा सुधारला.

सर्वधर्मीयांना लागू असलेले दंडसंहितेचे ४९७ वे कलमही याच जातीचे. परक्याच्या पत्नीशी त्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. पतीची संमती असली की गुन्हा नाही. स्त्रीला शिक्षा नाही, आणि ज्याची पत्नी फसवली गेली त्या पुरुषाप्रमाणे जिचा पती फसवणूक करतो त्या स्त्रीला तक्रारही नाही. मुंबईतील एका मुसलमान आरोपीने १९५१ साली या कलमाला आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी आव्हान फेटाळले, परंतु पत्नी ही पतीची मालमत्ता असल्याची कल्पना या कलमाच्या मुळाशी आहे हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही कलम राखले. १९८५ साली पुन्हा राखले ते पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी; आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी ज्या पाच न्यायाधीशांनी ते रद्द केले त्यांत त्यांचेच चिरंजीव धनंजय होते. इस्लामी कायद्याने निदान ‘अपराधी पुरुष व अपराधी स्त्री’ अशी जोडी एका वाक्यात मांडली होती. मेकॉलेच्या मसुद्यात तर व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. तो मागाहून घातला गेला, आणि स्त्रीला वगळले ते तिच्या दीनवाण्या स्थितीची कणव म्हणून. कणव आणि मालकी एकाच कलमात सुखाने नांदली.

आणि आपल्या या मातीत? पेशवाईत ‘शिंदळकी’चा ठपका आलेल्या स्त्रियांना कुणबिणी करून सरकारी कामावर जुंपल्याच्या नोंदी जुन्या दप्तरांत आहेत. तेथे चार साक्षीदार कोणी मोजले नाहीत. दौंडहून पुण्याकडे निघालेली गाडी केडगावावरून जाते. तेथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींसाठी मुक्तिसदन उभारले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच आवारात ‘पतित’ म्हणून टाकल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन नावाचे वेगळे घर होते, हे कमी जणांना माहीत असते. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. तरीही सांगावेसे वाटते की त्या घराच्या दारात साक्षीपुरावा मागितला जात नव्हता, ना आळ घेणाऱ्याचा, ना आळ आलेलीचा.

आपल्या वाचकांनी आणखी एक स्थळ पाहावे. कुराणाच्या एकोणिसाव्या सूरेला पवित्र मरियेचे नाव आहे. बाळाला कडेवर घेऊन ती आपल्या माणसांत परतते आणि ते तिला बोल लावतात: तुझा बाप वाईट नव्हता, तुझी आईही तशी नव्हती! मरिया उत्तर देत नाही. बाळाकडे बोट दाखवते, आणि पाळण्यातले मूल बोलू लागते. चौथ्या सूरेत मरियेवर घेतलेला आळ ही भयंकर बदनामी म्हणून नोंदली आहे. मत्तयच्या पहिल्या अध्यायात पवित्र योसेफ तिचा बोभाटा करू इच्छित नाही. तो गुपचूप बाजूला होण्याचा विचार करतो, म्हणजे साक्षीदार होण्याचे नाकारतो. दोन्ही धर्मांच्या केंद्राशी अशी एक स्त्री आहे की जिच्याविषयी शेजारी कुजबुजले. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मुसलमानांविषयी आदर व्यक्त करताना त्यांच्या मरियाभक्तीचा उल्लेख केला, त्याला हा अर्थ आहे असे आम्हाला वाटते. ओसरीतल्या त्या रविवारी हे कोणालाच आठवले नाही.

शेवटी एक गोष्ट, जी सांगावी की नाही याचा आम्ही बराच काळ विचार केला. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आमचे काही वर्षे वास्तव्य होते. गावाचे व माणसांचे नाव येथे देत नाही. तेथे एक तरुण विधवा दोन मुलांना घेऊन राहत असे. शेतमजुरी करी, रविवारी न चुकता मिस्साला येई. तिच्याकडे रात्री कोणी येते अशी वार्ता उठली. कोणी पाहिले? एकाने सायकल पाहिली होती. दुसऱ्याने दिवा पाहिला होता. तिसऱ्याला दुसऱ्याने सांगितले होते. चौथे कोणी नव्हते. हळूहळू देवळात तिच्या बाकावर बायका बसेनाशा झाल्या. सणाच्या तयारीला तिला कोणी बोलावीना. एके दिवशी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘गुरुजी, तुम्ही एकदा सगळ्यांसमोर विचारा ना, कुणी बघितलं म्हणून.’’ आम्ही तिला धीर दिला, प्रार्थना करण्यास सांगितले, आणि विचारले नाही. पुढल्या वैशाखात ती मुलांसह पुण्याला निघून गेली. सायकल तिच्या भावाची होती, हे पुष्कळ दिवसांनी कळले.

तेव्हा आम्ही सूरा नूर वाचली नव्हती. पण सुसान्ना वाचली होती. सायकल पाहणाऱ्या गृहस्थांनी पुढे आमच्याच देवळात एका लग्नाला साक्षीदार म्हणून नोंदवहीत सही केली. दुसरी सही आमची आहे.